पेटीतला आवाज : ज्यूल व्हर्नच्या एका उपेक्षित कादंबरीविषयी

ज्यूल व्हर्न हे नाव मराठी वाचकाला परके नाही. कोचीनहून ज्याचा आरंभ झाला त्या 'केरळ कोकिळ' मासिकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याची चंद्रप्रवासाची कथा मराठीत आणली. पुढे भा. रा. भागवतांनी त्याच्या अनेक कादंबऱ्या इतक्या रसाळ मराठीत उतरविल्या की आमच्या पिढीतील मुलांना व्हर्नचे नायक आपल्या आजोळच्या माणसांसारखे वाटू लागले. भागवतांचे हे ऋण मोठे आहे. परंतु या लोकप्रियतेचा एक दुष्परिणामही झाला. व्हर्न म्हणजे मुलांचा लेखक, व्हर्न म्हणजे यंत्रांचा स्तुतिपाठक, असे एक समीकरण आमच्या मनांत कायम होऊन बसले. शाळेच्या ग्रंथालयांत त्याची पुस्तके कनिष्ठ वर्गांच्या कपाटात लागतात, आणि मोठी माणसे त्या कपाटाकडे फिरकत नाहीत.

१८९२ साली प्रसिद्ध झालेली त्याची 'कार्पेथियन पर्वतातील किल्ला' ही कादंबरी मात्र त्या कपाटात ठेवण्याजोगी नाही. तिच्यात प्रेम आहे, रहस्य आहे, विजेची यंत्रे आहेत आणि या तिहींवर सावली धरणारा एका माणसाचा भयंकर ध्यास आहे. जे थोडे लोक तिचा उल्लेख करतात ते बहुधा 'भुताटकी वाटली ती वीज निघाली' एवढ्या एका वाक्यात तिची बोळवण करतात. आमच्या मते हा त्या कादंबरीवर अन्याय आहे. भुताचा उलगडा होतो हे खरे. पण त्या उलगड्यानंतर जो प्रश्न शिल्लक राहतो तो व्हर्नला सुटला नाही आणि आम्हांलाही अद्याप सुटलेला नाही. मेलेल्या माणसाचा आवाज कोणाच्या मालकीचा, असा तो प्रश्न आहे.

प्रथम कथा सांगितली पाहिजे, कारण पुस्तक फारसे कोणी वाचलेले नाही.

ट्रान्सिल्व्हानिया हा प्रदेश त्या काळी हंगेरीच्या राजसत्तेखाली होता. तेथील डोंगराळ भागातील वेर्स्ट नावाच्या खेड्यात फ्रिक नावाचा एक मेंढपाळ राहतो. एके दिवशी त्याला रानात एक फिरता विक्रेता भेटतो. त्याच्या गाठोड्यात तापमापक, वायुभारमापक, घड्याळे, चष्मे असा माल आहे. फ्रिक त्याच्याकडून एक दुर्बीण घेतो आणि गंमत म्हणून ती समोरच्या डोंगरावरील ओसाड किल्ल्याकडे लावतो, तो काय, किल्ल्याच्या बुरुजावरून धूर निघताना दिसतो! हा किल्ला गोर्त्स घराण्याचा. शेवटचा सरदार रोडोल्फ द गोर्त्स कित्येक वर्षांपूर्वी परागंदा झाला, आणि त्याच्यामागे किल्ल्यात भुतांनी ठाणे दिले, असा गावकऱ्यांचा विश्वास. किल्ल्याच्या आवारात एक जुनाट वृक्ष आहे. दर वर्षी त्याची एक फांदी गळते, आणि शेवटची गळेल त्या दिवशी किल्लाही नाहीसा होईल, अशी दंतकथा आहे. आता तीनच फांद्या उरल्या आहेत. आमच्याकडील गडांच्या पायथ्याला ज्यांचे बालपण गेले त्यांना हे वातावरण मुळीच विलायती वाटणार नाही.

व्हर्नची खुबी अशी की गावात शिरणारे पहिले यंत्रच भीती घेऊन येते. दुर्बीण नसती तर धूर दिसला नसता, आणि धूर दिसला नसता तर गाव सुखाने झोपले असते. ज्ञानाचे साधन हाती आले म्हणून अज्ञान गेले असे होत नाही. दुर्बिणीतून दिसलेल्या धुराचा अर्थ गावकरी जुन्याच पोथीत शोधतात. त्या गावचा शाळामास्तर हेर्मोड हादेखील असल्या दंतकथा मुलांना गंभीरपणे शिकवणाऱ्यांपैकी आहे. हे वाचताना आमच्या पेशाच्या अभिमानाला थोडा धक्का बसला, हे कबूल केले पाहिजे.

पुढे गावच्या खानावळीत मंडळी विचारविनिमयास जमतात. निक डेक नावाचा तरुण वनरक्षक किल्ल्यावर जाण्याचे धाडस जाहीर करतो. इतक्यात त्या बंद खोलीत, कोणाचेही ओठ हललेले नसता, एक आवाज उमटतो आणि त्याला जाऊ नकोस म्हणून बजावतो. निक तरीही जातो. सोबतीला पाताक नावाचा बढाईखोर वैद्य असतो, तो नाइलाजानेच गेलेला. रात्री किल्ल्यातून अक्राळविक्राळ आकृती आकाशात दिसतात. खंदकात उतरताच वैद्याचे पाय जमिनीला जखडल्यासारखे होतात, आणि पुलाच्या साखळीवरून चढून दरवाज्याच्या लोखंडाला हात लावणारा निक जबर धक्का बसून खाली कोसळतो. गाव गर्भगळित होते. (या प्रकरणांत खानावळवाला व तो फिरता विक्रेता या ज्यू पात्रांविषयी व्हर्नने जे लिहिले आहे त्यात त्या काळच्या युरोपातील हिणकस पूर्वग्रह स्पष्ट दिसतो. तेवढा भाग आज वाचवत नाही.)

येथवर कादंबरी ग्रामीण विनोदाच्या अंगाने चालते. फ्रान्झ द तेलेक हा तरुण रुमानियन उमराव आपल्या रोट्झ्को नावाच्या सेवकासह प्रवासात सहज त्या गावी येतो आणि तिचा रंग पालटतो. भुतांच्या गोष्टी तो हसण्यावारी नेतो. पण किल्ल्याच्या मालकाचे नाव कानी पडताच त्याचा चेहरा उतरतो. त्याच रात्री, अर्धवट झोपेत, त्याला एका स्त्रीचा गाणारा आवाज ऐकू येतो. तो आवाज त्याच्या ओळखीचा आहे, आणि ती स्त्री पाच वर्षांपूर्वी मृत झाली आहे.

येथे व्हर्न आपल्याला नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात नेतो. ला स्टिला ही तेथील अग्रगण्य गायिका. फ्रान्झ तिच्यावर अनुरक्त झाला, त्याने मागणी घातली, तिने ती स्वीकारली आणि रंगभूमी सोडण्याचे ठरविले. परंतु तिच्या गाण्याला आणखी एक श्रोता होता. रोडोल्फ द गोर्त्स वर्षानुवर्षे गावोगाव तिच्या मागे हिंडत होता. प्रत्येक प्रयोगाला जाळीदार पडद्याआडच्या कोठडीत बसून तो तिचे गाणे ऐके. सोबत ऑर्फानिक नावाचा, एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला, जगाने नाकारलेला एक संशोधक असे. गोर्त्सने कधी तिला पत्र लिहिले नाही, तिच्या भेटीची इच्छा केली नाही, तिच्या दारी तो कधी गेला नाही. त्याला ती नको होती, तिचा आवाज हवा होता. आमच्या वाचनात आलेल्या खलपुरुषांत हा एक निराळाच. सामान्य खलपुरुष नायिकेचे हरण करतो; हा फक्त ऐकतो. आणि तरीही त्या पडद्याआडच्या नजरेची दहशत ला स्टिलाच्या मनात इतकी भरली होती की रंगभूमी सोडण्यामागे तेही एक कारण होते.

तिच्या निरोपाच्या प्रयोगात, अखेरचे गीत रंगात आलेले असता, कोठडीचा पडदा सरतो आणि गोर्त्सचा चेहरा प्रथमच उघडा दिसतो. ती थबकते, तिच्या मुखातून रक्त येते आणि ती रंगमंचावरच प्राण सोडते. गोर्त्स फ्रान्झला दोषी ठरवणारे एक शापपत्र पाठवून अदृश्य होतो.

आता किल्ल्याचे कोडे सुटू लागते. फ्रान्झ किल्ल्यात शिरतो, कोंडला जातो, आणि अखेर त्या दालनात पोचतो जेथे गोर्त्स एकटाच खुर्चीत बसला आहे आणि समोरच्या छोट्या रंगमंचावर, नेपल्सच्या त्या रात्रीच्या शुभ्र वेषात, ला स्टिला उभी राहून तेच गीत गात आहे. गाणे पुढे सरकते. जेथे सान कार्लोत तिचा स्वर तुटला होता त्याच ठिकाणी येथेही तुटतो. तीच किंकाळी उमटते. पण ती कोसळत नाही, तशीच उभी राहते. सबंध कादंबरीत इतके अंगावर येणारे दुसरे स्थळ नाही. फ्रान्झ तिच्याकडे धावतो, गोर्त्स सुरी उगारून तिच्यावर वार करतो, आणि फुटतो तो आरसा. बाई तेथे नव्हतीच. एका चित्रकाराने काढलेले तिचे पूर्णाकृती चित्र गोर्त्सने भारी किंमत देऊन घेतले होते. त्यावर प्रखर उजेड टाकून आरशांच्या योगे त्याचे प्रतिबिंब उभे केले होते. आवाज होता तो ध्वनिलेखन यंत्राचा. तिच्या शेवटच्या प्रयोगांच्या वेळी ऑर्फानिकने नाट्यगृहात गुप्तपणे यंत्र लावून तो टिपून ठेवला होता.

फ्रान्झला वेड लागते. गोर्त्स ती आवाजाची पेटी उराशी धरून पळतो. रोट्झ्को बाहेरून गोळी झाडतो. ती गोर्त्सला न लागता पेटीला लागते आणि पेटीचे तुकडे होतात. तेव्हा गोर्त्स जो आक्रोश करतो तो प्राण जाणाऱ्या माणसाचा आक्रोश आहे. त्याच्या लेखी तिचा आत्मा आत्ता नष्ट झाला, नेपल्समध्ये नव्हे. नंतर सुरुंगाचा स्फोट होऊन किल्ला आणि मालक दोन्ही नाहीसे होतात. पळून वाचलेला ऑर्फानिक नंतर सर्व उलगडा करतो. खानावळीतील आवाज किल्ल्यापासून गुप्तपणे टाकलेल्या दूरध्वनीच्या तारेतून आला होता. वैद्याचे पाय त्याच्या बुटांच्या खिळ्यांमुळे लोहचुंबकाने धरले होते. निकला विजेचा धक्का बसला होता.

व्हर्न या वेळी चौसष्ट वर्षांचा होता. एत्झेल यांच्या मुलांसाठी निघणाऱ्या पाक्षिकातून ही कादंबरी १८९२ च्या वर्षभर क्रमशः येत होती. संगीत-रंगभूमीची त्याला जुनी ओढ होती. तारुण्यात तो पॅरिसच्या तेआत्र लिरिक या नाट्यगृहाचा चिटणीस होता, त्याने संगीतिकांच्या संहिता लिहिल्या होत्या, आणि १८८८ पासून आमियाँ नगरपालिकेचा सभासद म्हणून तेथील नाट्यगृहाच्या कारभारात त्याने लक्ष घातले होते. जाळीदार कोठड्या आणि तेथे रोज येऊन बसणारे पछाडलेले श्रोते त्याने पाहिले असणार. कथेच्या आरंभीच तो वाचकाला सांगून टाकतो की ही अद्भुतकथा नाही. ज्या काळात सर्व काही शक्य होत आहे त्या काळातील ही गोष्ट आहे.

हे विधान इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरते? दूरध्वनी १८७६ चा. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक बसवून तेथील गायन तारेने प्रदर्शनात ऐकविले. दोन कानांना दोन नळे लावून लोक दूरवरचे गाणे ऐकत. १८९० पासून तर पॅरिसमध्ये हे पैसे भरून ऐकण्याची सोय झाली. खानावळीतील आवाजात म्हणून अशक्य काही नव्हते. आरशाची युक्तीही नवी नव्हती. १८६२ साली लंडनमध्ये काचेच्या तिरप्या तावदानातून रंगमंचावर भूत उभे करण्याचा खेळ झाला होता, आणि तो पुढे युरोपभर गाजला.

ध्वनिलेखनाची गोष्ट मात्र थोडी वेगळी. १८७७ च्या एप्रिलमध्ये शार्ल क्रो या फ्रेंच कवीने त्याची कल्पना लिहून मोहोरबंद पाकिटात पॅरिसच्या विज्ञान-अकादमीकडे ठेवली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एडिसनने प्रत्यक्ष यंत्र बोलते केले. १८७८ मध्ये ते यंत्र त्या अकादमीपुढे आले तेव्हा बुइयो नावाच्या वयोवृद्ध वैद्याने ते दाखविणाऱ्यावर शब्दभ्रमकलेचा आरोप केला, अशी हकीकत फ्लामारियाँने नोंदविली आहे. वेर्स्टच्या मेंढपाळांना हसण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे. माणसावाचून आवाज ही गोष्ट विद्वत्सभेलाही सहजासहजी पचली नाही. परंतु ऑर्फानिकने केले तसे ध्वनिलेखन १८९२ साली होऊ शकले नसते. त्या वेळचे यंत्र केवळ हवेच्या कंपनांवर चाले. गायकाने कर्ण्यासमोर अगदी जवळ उभे राहून गावे लागे, आणि मेणाच्या एका नळकांड्यावर दोन-अडीच मिनिटांचेच गाणे मावे. नाट्यगृहात कोठेतरी दडवून ठेवलेल्या यंत्राने सबंध गीत टिपणे हे विजेचा ध्वनिग्राहक ध्वनिमुद्रणात येईपर्यंत, म्हणजे १९२५ पर्यंत, आटोक्यात नव्हते. ही सुधारणा व्हर्न ऑर्फानिकच्या बुद्धिमत्तेच्या खाती जमा करून मोकळा होतो.

ही तांत्रिक चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही असे आम्हांस वाटते. यंत्राला गायकाचे सान्निध्य लागत होते याचाच अर्थ गायकाची संमती लागत होती. कर्ण्यात तोंड घालून गाणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे माहीत असते. १९०२ च्या एप्रिलमध्ये, नेपल्सचाच सुपुत्र एन्रिको कारूसो मिलानच्या एका हॉटेलात कर्ण्यासमोर उभा राहून गायला तो ठराविक मोबदला ठरवून. ते ध्वनिमुद्रण करणारा फ्रेड गायस्बर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यास आला आणि गोहरजान त्याच्यापुढे गायल्या, त्याही आपला मोबदला घेऊन. जेथे यंत्र दुबळे होते तेथे माणसाला विचारणे भाग होते. व्हर्नने यंत्राचे दुबळेपण कल्पनेत दूर केले, आणि त्याबरोबर विचारण्याची गरजही दूर झाली. पुढे काय होईल हे त्याने दाखविले, ते असे.

या कथेला पूर्वज आहेत. १८१६ च्या सुमारास जर्मन लेखक होफमान याने 'वाळूवाला' ही कथा लिहिली. तिच्यातही एक फिरता विक्रेता नायकाला दुर्बीण विकतो. त्या दुर्बिणीतून पाहिल्यावर समोरच्या घरातील ओलिंपिया त्याला सजीव सुंदरी वाटते, आपल्या वाग्दत्त वधूला विसरून तो तिच्या नादी लागतो, आणि ती लाकडी बाहुली निघते. शेवटी वेडाच्या भरात तो मनोऱ्यावरून उडी घेतो. व्हर्नच्या मेंढपाळाची दुर्बीण याच गाठोड्यातून आली आहे, यात आम्हांस शंका नाही. होफमानच्या कथांवर रचलेली ओफेनबाखची संगीतिका १८८१ मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आली होती, आणि तिच्यात ओलिंपिया गातेसुद्धा. दुसरा पूर्वज अधिक जवळचा. १८८६ साली व्हिलिए द लील-आदाँ याची 'भावी ईव्ह' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिच्यात खुद्द एडिसन हे एक पात्र आहे. लॉर्ड एवाल्ड हा तरुण एका गायिकेच्या रूपावर लुब्ध आहे, पण तिच्या क्षुद्र मनाने इतका विटला आहे की जीव देऊ पाहतो. एडिसन त्याच्यासाठी त्याच रूपाची यांत्रिक स्त्री घडवितो. तिच्या छातीत फुप्फुसांच्या जागी सोन्याची दोन ध्वनियंत्रे असतात. जहाजाला आग लागून ती समुद्रात नष्ट होते.

होफमानच्या नायकाला यंत्र फसविते. व्हिलिएचा नायक जाणूनबुजून यंत्र निवडतो, कारण जिवंत स्त्री त्याच्या कल्पनेत बसत नाही. गोर्त्स या दोघांहून वेगळा. तो फसलेला नाही. पडद्यावरची आकृती काचेची आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. नवी स्त्री घडविण्याची आकांक्षाही त्याला नाही. होती ती त्याला राखून ठेवायची आहे, फक्त आपल्यासाठी, एका खुर्चीपुरती. त्यासाठी तो तिच्या मरणाची किंकाळीसुद्धा रोज ऐकायला तयार आहे. तो ती गाळून टाकीत नाही. पछाडलेल्या मनाचे इतके नेमके निदान व्हर्नसारख्या 'मुलांच्या लेखका'ने करावे याचे आम्हांस आश्चर्य वाटले.

आणि यंत्राचे काय? गोर्त्सचा ध्यास यंत्राने निर्माण केलेला नाही. नेपल्सच्या कोठडीत तो आधीच होता. पण यंत्र नसते तर ला स्टिलाच्या मृत्यूबरोबर त्या ध्यासाला मरावे लागले असते, किंवा शोक व्हावे लागले असते. शोकाला काळ लागू पडतो. पेटीत कोंडलेल्या आवाजाला तो लागू पडत नाही. गोर्त्सच्या किल्ल्यात घड्याळ थांबले आहे ते यामुळे.

येथवर कोणी म्हणेल की नायक आणि खलनायक यांचा भेद तर स्वच्छ आहे. मग न सुटलेला प्रश्न कोणता? तो शेवटच्या प्रकरणात आहे, आणि बहुतेक वाचक त्यावरून घाईने पुढे जातात. किल्ल्यातील पेटी फुटली तरी ला स्टिलाची काही ध्वनिमुद्रणे ऑर्फानिकजवळ उरली होती. ती तो फ्रान्झला देऊन टाकतो. वेडा फ्रान्झ आपल्या वाड्यात बसून ती एकाग्रतेने ऐकत राहतो, आणि काही महिन्यांनी त्याची बुद्धी ताळ्यावर येते. ज्या आवाजाने गोर्त्सचा घात केला त्याच आवाजाने फ्रान्झ बरा होतो! व्हर्नला यातून काय सुचवायचे असेल? प्रेमाच्या हाती यंत्र औषध होते आणि आसक्तीच्या हाती विष, असे एक सोपे उत्तर आहे. आम्हीही प्रथम वाचनात तेच मानले होते. पुन्हा वाचताना ते टिकले नाही. फ्रान्झ ऐकतो ती ध्वनिमुद्रणेही चोरीचीच आहेत. आपला आवाज राहावा की न राहावा हे ला स्टिलाला गोर्त्सने विचारले नाही, ऑर्फानिकने विचारले नाही, आणि तिचा आवाज वारशाने मिळाल्यावर फ्रान्झच्या मनातही तो विचार आल्याचे दिसत नाही. फार काय, कादंबरीकारानेही तिला स्वतःचे म्हणणे मांडायला फारशी जागा दिलेली नाही. ती गाते, घाबरते आणि मरते. गाणे थांबवायचे, एवढाच एक निर्णय तिचा स्वतःचा होता, आणि नेमका तोच कोणी पाळला नाही.

पाच वर्षांनी, १८९७ साली, ब्रॅम स्टोकरने त्याच ट्रान्सिल्व्हानियातून 'ड्रॅक्युला' आणला. त्यातही ध्वनिलेखन यंत्र आहे. डॉ. सीवर्ड आपली दैनंदिनी मेणाच्या नळकांड्यावर बोलून ठेवतो. मीना हार्कर ती ऐकते, त्या आवाजातील वेदनेने व्यथित होते, आणि टंकलेखन यंत्रावर तिची प्रत काढते. हेतू हा की मजकूर इतरांना कळावा, पण त्या माणसाच्या काळजाचा तो ठोका दुसऱ्या कोणाला ऐकावा लागू नये. रक्तपिपासूंच्या त्या गदारोळात हा प्रसंग लहानसा आहे. व्हर्नच्या सबंध कादंबरीत ज्या शालीनतेची उणीव आहे ती येथे चार ओळींत भेटते.

कायद्याला हा प्रश्न कळायला बराच काळ लागला. कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा काही हक्क आहे हे मान्य करणारा रोम येथील आंतरराष्ट्रीय करार १९६१ चा. भारताच्या कायद्यात तो हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला. आता तर नुसते टिपून ठेवण्याचा काळही मागे पडला. २०२४ मध्ये एका तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांच्या आवाजांत संगणकाने नवे गीत गाऊन घेतले. कुटुंबीयांची संमती आणि मोबदला यांची काळजी घेतल्याचे संगीतकाराने जाहीर केले होते. ऑर्फानिकला फक्त गायलेले जपता येत होते. आजच्या ऑर्फानिकला न गायलेलेही गाववता येते.

आमच्या गोमंतकातील केरी येथे १८९२ च्या जुलैमध्ये, म्हणजे व्हर्नची ही कादंबरी क्रमशः येत होती त्याच वर्षी, केसरबाई केरकर जन्मल्या. या योगायोगाला काही अर्थ आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांच्या आवाजाची जी गती झाली ती गोर्त्सच्या पेटीच्या अगदी उलट आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची जी तबकडी आहे तिच्यात केसरबाईंची एक भैरवी आहे. दुसरे यान सुटल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, बाई निवर्तल्या. गोर्त्सला एकच श्रोता हवा होता. या तबकडीला अजून एकही मिळालेला नाही.

हा लेख लिहिण्याचे तात्कालिक कारण घरगुती आहे, ते सांगून थांबतो. आमच्या शाळेत संस्कृत शिकविणारे एक वृद्ध शिक्षक होते. त्यांचे पाठांतर ऐकत राहावे असे होते. पण ध्वनिमुद्रणाला त्यांचा ठाम नकार असे. आम्ही स्वतः दोनदा विनंती केली आणि दोन्ही वेळा त्यांनी हसून विषय बदलला. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते वारले. शोकसभेत एका माजी विद्यार्थ्याने, वर्गात बाकाखाली मोबाइल ठेवून टिपलेला, त्यांचा एक पाठ सर्वांना ऐकविला. सभागृहात अनेकांचे डोळे पाणावले, आमचेही. सभा संपल्यावर त्यांच्या पत्नी आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, यांना विचारलं होतं का कुणी?" आम्हांस उत्तर देता आले नाही. तो विद्यार्थी शेजारीच उभा होता. तो खाली पाहू लागला. त्याने प्रेमाने केले होते यात शंका नाही, आणि फ्रान्झनेही प्रेमानेच ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाकडून ते ध्वनिमुद्रण घेऊन, मोबाइलमधील मूळ त्याच्याच हाताने पुसवून, आम्ही ते बाईंच्या स्वाधीन केले. चार महिने काही कळले नाही. नंतर त्यांनी मुलाच्या हाती ते परत पाठविले, सोबत एक चिठ्ठी होती. दहावीच्या मुलांना वर्षातून एकदा ऐकवावे, इतर कोठे देऊ नये, आणि मध्ये जो खोकला येतो तो काढून टाकू नये, एवढेच तिच्यात लिहिले होते. या वर्षीचे ऐकविणे पावसाळी सुट्टीमुळे लांबले. ते येत्या शनिवारी आहे.